भडोचची अळी, टेक्ससचा जिवाणू

१८४२ साली भडोचच्या सरकारी कापूस लागवडीच्या अधीक्षकानं एका लहानशा मातकट पतंगाचे नमुने लंडनला धाडले. तिथल्या हलक्या गाळाच्या जमिनीत अमेरिकन कपाशी पेरली होती आणि या किड्यानं तिचा फडशा पाडला, अशी तक्रार सोबत होती. पुढच्या वर्षी डब्ल्यू. डब्ल्यू. साँडर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञानं त्याचं वर्णन छापलं. आज जिला आपण गुलाबी बोंडअळी म्हणतो आणि जुने लोक शेंदरी म्हणायचे, तिची ही पहिली शास्त्रीय नोंद.

ही अळी पुढं सरकीतून जगभर फिरली. सरकीच्या आत ती महिनोन्‌महिने निपचित पडून राहते, त्यामुळं तिला जहाजाचं भाडं पडत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती भारतातून इजिप्तला पोचली, १९११ च्या सुमारास इजिप्तच्या बियाण्याबरोबर मेक्सिकोत आणि १९१७ साली टेक्ससमध्ये. टेक्ससमधल्या ब्राउन्सव्हिल इथं पुढं तिच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळेत तिला मुद्दाम मोठ्या संख्येनं पोसायला लागले. १९६० च्या दशकात त्या पोसलेल्या अळ्या रोगानं मरू लागल्या. हॉवर्ड डल्मेज या शास्त्रज्ञानं मेलेल्या अळ्यांतून एक जिवाणू वेगळा केला आणि त्याला स्वतःच्या आद्याक्षरांवरून एचडी-१ असा क्रमांक दिला. १९७० साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. आधीच्या वाणांपेक्षा तो कितीतरी पटींनी जहाल निघाला आणि बीटी जिवाणूच्या फवारण्यांचा व्यापार पुढं त्याच्यावरच उभा राहिला.

या एचडी मालिकेतल्या जिवाणूंची विषाची जनुकं नंतर कपाशीत घातली गेली, ती कपाशी जालन्याच्या महिको कंपनीमार्गे आमच्या विदर्भात आली, आणि भडोचच्या त्याच अळीनं ती पचवली. मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे. माहेर यवतमाळ जिल्ह्यात, घरी कोरडवाहू पऱ्हाटी. त्यामुळं हा इतिहास मला एका बाजूनं प्रयोगशाळेतून आणि दुसऱ्या बाजूनं वावरातून पाहता आला. दोन्हीकडून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते: जिवाणूनं ही विषं कधीच एका जागी थांबवून ठेवली नाहीत. थांबवलं ते आपण.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे बीटी, हा जिवाणू माणसाला पहिल्यांदा सापडला तो रेशमाच्या धंद्यात. जपानमध्ये रेशमाचे किडे अचानक कोसळून मरत. १९०१ साली इशिवाता शिगेताने यांनी अशा मेलेल्या किड्यांतून बीजाणू तयार करणारा एक जिवाणू वेगळा केला. आओकी आणि चिगासाकी या त्यांच्याच देशबांधवांनी १९१५ च्या सुमारास आणखी एक बारकावा टिपला. ताजी वाढलेली कोवळी पेशी अळीला फारसं काही करत नाही. बीजाणू धरलेलं जुनं विरजण मात्र तिला मारतं. जपान्यांचं दुखणं असं की त्यांना हा जिवाणू नको होता. तो रेशमाचा शत्रू होता, त्याला हटवायचं होतं.

जर्मनीत गोष्ट नेमकी उलटी झाली. थुरिंगिया प्रांतातल्या एका गिरणीतून आलेल्या पिठात पतंगांच्या अळ्या होत्या आणि त्या मरत होत्या. एर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ साली त्यांतला जिवाणू वेगळा केला, १९१५ साली त्याला प्रांताचं नाव दिलं आणि बीजाणूशेजारी दिसणारा एक कणही नोंदवला. गिरणीवाल्याला पिठातली अळी मेलेलीच हवी असते, त्यामुळं इथं हाच जिवाणू मित्र ठरला. बर्लिनर यांचं विरजण पुढं हरवलं. १९२७ मध्ये ऑटो मॅटेस यांनी तोच जिवाणू पुन्हा मिळवला. १९३८ साली फ्रान्समध्ये ‘स्पोरेइन’ नावाची पहिली व्यापारी भुकटी निघाली.

रेशमाचे ट्रे, पिठाची गिरणी आणि ब्राउन्सव्हिलची अळ्या पोसायची खोली, या तीन जागांत काय सारखं आहे ते पाहा. तिन्ही ठिकाणी माणसानं आपल्या धंद्यासाठी एकाच जातीचे कीटक दाटीवाटीनं एकत्र आणले होते, किंवा येऊ दिले होते. जिथं यजमान दाट तिथं रोग ठळक. जंगलातल्या एका पानावर एक अळी मेली तर कोण बघतो? हजार मेल्या की शास्त्रज्ञ बोलावला जातो. १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात गोल्डबर्ग आणि मार्गलिथ यांना डास मारणारा बीटी सापडला तोही एका छोट्या डबक्यात, डासांच्या मेलेल्या अळ्यांच्या दाटीत. पुढं पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाचा प्रसार करणाऱ्या काळ्या माशांवर तोच फवारला गेला.

पण हा जिवाणू अशा दाटीच्या जागीच राहतो असं मात्र नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मी दरसाल एक प्रयोग देत असे. मुलं-मुली घरून माती आणायची: पऱ्हाटीच्या वावरातली, तुरीच्या धुऱ्यावरची, कुणी पीठगिरणीच्या कोपऱ्यातली धूळ. ती सोडियम ॲसिटेट घातलेल्या पोषक द्रवात घालून काही तास हलवत ठेवायची. ॲसिटेट असलं की बीटीचे बीजाणू उगवत नाहीत, इतर बरेचसे उगवतात. मग द्रव ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटं धरायचा. उगवलेले मरतात, झोपलेले वाचतात. अमेरिकेतल्या ट्रॅव्हर्स, मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ही युक्ती मांडली आणि तिच्याच जोरावर जगभरातून मागवलेल्या मातीच्या १,११५ नमुन्यांपैकी ७८५ मध्ये बीटी शोधून दाखवला. ती यादी १९८९ साली छापली गेली. वाळवंट, जंगल, शेत, कुठंही हात घाला, हा तिथं आहेच.

वाचलेले बीजाणू ताटलीवर पसरले की दोन-तीन दिवसांत मळकट पांढऱ्या, खरखरीत काचेसारख्या वसाहती दिसतात. एका वसाहतीचा कण काचपट्टीवर घ्यायचा, सुकवायचा, कूमासी ब्लू या प्रथिनं रंगवणाऱ्या निळ्या रंगात तीन मिनिटं ठेवायचा, धुवायचा, आणि तेलाच्या भिंगाखाली बघायचा. बीजाणू अंडाकृती आणि बिनरंगाचे राहतात. त्यांच्या शेजारी, दोन पिरॅमिड बुडाशी जोडावेत तसे टोकदार गडद निळे कण दिसतात. तेच विष, म्हणजे निव्वळ प्रथिनाचा स्फटिक. १९५३ मध्ये कॅनडाच्या हॅने यांनी विषाचा संशय या स्फटिकावर घेतला आणि १९५४ मध्ये त्याच देशातल्या टॉमस अँगस यांनी तो विरघळवून रेशमाच्या अळीला खाऊ घालून तो खरा ठरवला. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र धक्का बसायचा तो आकारमानाचा. स्फटिक पेशीच्या कोरड्या वजनाच्या २० ते ३० टक्के भरू शकतो. मरायला टेकलेली पेशी आपल्या कमाईचा पाव हिस्सा या एका कणात ओतते.

अळीच्या पोटात पुढं काय होतं ते आता बरंच उलगडलं आहे. अळीचं आतडं अल्कधर्मी, सामू ९ ते ११. त्यात स्फटिक विरघळतो. सुटलेलं १३० किलोडाल्टनचं प्रथिन तिचीच पाचकं कापून निम्म्यावर आणतात. उरलेला तुकडा आतड्याच्या पेशींवरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतो आणि पेशीत भोकं पाडतो. अळी खाणं सोडते. आतडं फाटलं की बीजाणू तिच्या शरीरात उगवतात आणि तिच्यावरच वाढतात. आपलं जठर आम्लधर्मी, आणि आपल्या आतड्यात ती ठरावीक प्रथिनं नाहीत, म्हणून आपल्याला काही होत नाही. एका जातीच्या स्फटिकानं पतंगांच्या अळ्या मरतात, दुसरीनं भुंगेरे, तिसरीनं डास. एवढी नेमकी निवड आली कुठून, हा खरा उत्क्रांतीचा प्रश्न.

पहिला धागा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती आला. होसे गोन्सालेस आणि ब्रूस कार्लटन यांना दिसलं की स्फटिकाची जनुकं जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या, फिरत्या डीएनए-कड्यांवर असतात. १९८२ साली त्यांनी दाखवलं की दोन जिवाणू एकत्र वाढवले की प्लाझ्मिड एकातून दुसऱ्यात जातं, आणि काल स्फटिक न करणारा आज करू लागतो. इतकंच काय, शिळ्या भातातून विषबाधा करणारा बॅसिलस सेरियसही ते प्लाझ्मिड मिळाल्यावर स्फटिक घडवू लागला. उलटही घडतं. प्रयोगशाळेत विरजण पुनःपुन्हा ताटल्यांवर लावत राहिलं की काही वसाहती स्फटिक गमावून बसतात. मग त्या सेरियसपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत. २००० साली नॉर्वेच्या हेल्गासन आणि सहकाऱ्यांनी तर सरळच मांडलं की अँथ्रॅक्सचा जिवाणू, सेरियस आणि बीटी हे तिघं जनुकीयदृष्ट्या एकच जात आहेत. गुरं मारायची, भात नासवायचा की अळी मारायची, हे ठरतं ते मुख्यतः खिशात कोणती प्लाझ्मिडं आहेत यावरून.

प्लाझ्मिडवरही ही जनुकं निवांत बसलेली नाहीत. त्यांच्या दोन्ही अंगांना बऱ्याचदा उड्या मारणारे डीएनए-तुकडे सापडतात. पॅरिसच्या दिदिए लेरेक्ल्यू यांच्या गटानं असे तुकडे १९८० च्या दशकात ओळखले. त्यामुळं जनुकं एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर जातात, शेजारी-शेजारी गोळा होतात, तुटतात, जुळतात. एचडी-१ मध्येच स्फटिकातल्या विषांच्या क्राय १ आणि क्राय २ गटांतली अर्धा डझन जनुकं आहेत. अशा विषप्रथिनांचे आज सत्तरहून अधिक गट मोजले जातात. त्यांचे नातेवाईक पॅनीबॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम अशा वेगळ्या जिवाणूंतही सापडले आहेत.

दुसरा धागा १९९१ मध्ये आला. केंब्रिजच्या जेड ली, जो कॅरोल आणि डेव्हिड एलर यांनी भुंगेरे मारणाऱ्या क्राय ३ए या विषाची त्रिमिती रचना काढली. त्यात तीन खंड दिसले. पहिला खंड सात सर्पिल दांड्यांचा जुडगा, तो भोक पाडतो. उरलेले दोन मुख्यतः चिकटण्याचं काम करतात, म्हणजे कोणती अळी मरायची ते ठरवतात. मग निरनिराळ्या विषांच्या क्रमांची तुलना झाली तेव्हा आढळलं की प्रत्येक खंडाची वंशावळ वेगळी निघते. आमच्या आजीच्या गोधडीत एक तुकडा तिच्या लग्नातल्या लुगड्याचा, एक आबांच्या धोतराचा आणि एक माझ्या शाळेच्या फ्रॉकचा होता. गोधडीचं वय विचारलं तर प्रत्येक तुकड्याचं वेगळं सांगावं लागलं असतं. ही विषं तशी शिवलेली आहेत. क्राय १एबी आणि क्राय १एसी ही सख्खी भावंडं. पहिले दोन खंड जवळपास सारखे, तिसरा मात्र वेगळ्या घरचा. त्या परक्या तिसऱ्या खंडामुळं क्राय १एसी आतड्यावरच्या एका विशिष्ट शर्करेला धरू शकतं. आपल्या कपाशीत पहिल्यांदा आलं ते हेच क्राय १एसी, डल्मेज यांच्या संग्रहातल्या एचडी-७३ या वाणातलं.

म्हणजे भोक पाडण्याचं काम जुनं आणि स्थिर, आणि कुणाच्या पोटात पाडायचं ते बदलतं. खंडांची अदलाबदल झाली की नवं लक्ष्य मिळतं. बहुतेक जोडण्या फुकट जात असणार. एखादी लागू पडते, आणि ती ज्या प्लाझ्मिडवर असते ते अळीच्या मढ्यात कोट्यवधींनी वाढतं.

पण विष महाग आहे, आणि उत्क्रांतीत महाग गोष्टीला फुकटे चिकटतातच. स्फटिक एकानं बनवला तरी आतडं फाटल्यावर मेजवानी सगळ्यांची. स्फटिक न बनवणारा जिवाणू तो खर्च वाचवून जास्त वेगानं वाढतो. मग विषाची जनुकं टिकलीच कशी? ब्रिटनच्या बेन रेमंड आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेर, कोबीवर्गीय पिकाच्या वाफ्यांत, चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या अळ्यांवर तपासला आणि २०१२ मध्ये उत्तर मांडलं. एकाच अळीत फुकटे आणि विष करणारे मिसळले की फुकट्यांची चलती होते. पण अळीत शिरणारे बीजाणू बहुतेक वेळा एकाच कुळातले असतात, आणि ज्या अळीत नुसते फुकटे शिरतात ती मरतच नाही. त्यामुळं विष करणारी कुळं टिकून राहतात. जर्मनीतल्या कील इथं सूत्रकृमींवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आणखी एक पुरावा मिळाला: ज्या जिवाणूंना सतत बदलत जाणाऱ्या यजमानाशी झुंजावं लागलं, त्यांच्यात विषाची जनुकं वाहणाऱ्या प्लाझ्मिडच्या प्रती वाढल्या.

एवढं समजलं की बीटीचा व्यवहार लक्षात येतो. एकेका जिवाणूजवळ विषाची अनेक जनुकं. काही चालू, काही बंद. काही आज आहेत, उद्या नसतील. एका वावरात शंभर कुळं, प्रत्येकाचा संच निराळा. अळीला यांतल्या एका विषाचा प्रतिकार आला तरी शेजारच्या पानावर दुसरं विष तिची वाट बघत असतं. शिवाय बहुतेक अळ्यांना आयुष्यात हा स्फटिक भेटतच नाही. सगळ्यांनी एकाच विषाची सवय करून घ्यावी असा दाब निसर्गात कधी पडला नाही.

१९८१ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या अर्नेस्ट श्नेफ आणि हेलन व्हाइटली यांनी स्फटिकाचं जनुक पहिल्यांदा वेगळं काढून दुसऱ्या जिवाणूत चालवून दाखवलं. १९८७ मध्ये बेल्जियमच्या गेंट इथल्या गटानं ते तंबाखूत घातलं. कपाशीत मात्र ते सुरुवातीला नीट बोलेना. जिवाणूच्या जनुकाची घडण वनस्पतीला अनोळखी, त्यामुळं तिचा संदेश मध्येच तुटायचा. मॉन्सँटोच्या फ्रेडरिक पर्लॅक आणि सहकाऱ्यांनी जनुकाची अक्षरं वनस्पतीच्या वळणानं नव्यानं लिहिली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कपाशीत प्रथिन पुरेसं तयार झालं. १९९६ मध्ये अमेरिकेत ती कपाशी शेतात उतरली.

नंतर दुसरं जनुक जोडलं गेलं ते क्राय २एबी. त्याची कथा मला फार आवडते, वर्गात ती मी हमखास सांगायची. एचडी-१ या जिवाणूत हे जनुक आहे, पण ते मुकं आहे. त्याला चालू करणारा डीएनएचा भागच धड नाही, त्यामुळं जिवाणू त्याचं प्रथिन बनवत नाही. व्हाइटली यांच्याच प्रयोगशाळेत १९८९-९० च्या सुमारास ते ओळखलं गेलं. जिवाणूनं अडगळीत टाकलेलं हत्यार माणसानं धार लावून कपाशीत बसवलं. बोलगार्ड-२, म्हणजे आमच्याकडचं ‘बीजी-टू’, त्यात क्राय १एसी आणि हे मुकं जनुक अशी जोडी आहे.

भारतात आधी २००१ मध्ये गुजरातेत नवभारत-१५१ नावाचं विनापरवाना बीटी बियाणं उघडकीला आलं. मग २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं महिको-मॉन्सँटोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. २००६ मध्ये बीजी-टू आलं. दशकभरात देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीवर बीटी होती. सुरुवातीची वर्षं खरोखर चांगली गेली. हिरव्या बोंडअळीच्या नावानं मोनोक्रोटोफॉसचे डबे रिकामे करणाऱ्या घरांना मी जवळून ओळखते, त्यांना श्वास घेता आला. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण जे निसर्गात कधी घडलं नव्हतं ते आता घडलं. लाखो हेक्टरांवर, रोपाच्या प्रत्येक पेशीत, पेरणीपासून वेचणीपर्यंत तेच एक विष. गुलाबी अळी जवळजवळ कपाशीवरच जगते, तिला दुसरीकडं पळायला जागा नाही. मग जिला हे विष बाधत नाही तीच टिकणार. २०१० च्या मार्चमध्ये मॉन्सँटोनं गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी अळी क्राय १एसीला दाद देत नसल्याचं मान्य केलं. आपल्याकडच्या अळीनं हे कसं साधलं तेही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. जेफ्री फॅब्रिक, ब्रूस टॅबॅश्निक आणि सहकाऱ्यांना भारतातल्या बीटी कपाशीवरून गोळा केलेल्या अवघ्या आठ अळ्यांत कॅडहेरिन जनुकाची आठ निरनिराळी मोडलेली रूपं मिळाली. क्राय १एसी आतड्यात ज्याला चिकटतं ते प्रथिन म्हणजे कॅडहेरिन. अळीला नवं काही शोधावंच लागलं नाही. असलेलं मोडायचं होतं, आणि मोडायच्या वाटा पुष्कळ.

हे टाळण्यासाठी एक नियम होता. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिनबीटी बियाणं मिळायचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं. त्यावर साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग होतात, आणि एखाद्या प्रतिकारक पतंगाचं त्यांच्याशी मीलन झालं की पिल्लांना प्रतिकाराचं जनुक एकाच बाजूनं मिळतं. तेवढं पुरत नाही, ती बीटीवर मरतात. गणित चोख आहे. मी ते माझ्या धाकट्या भावाला समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ताई, अळीले पोसाले वावर आहे का माह्याजवळ?” पाच एकरांच्या कोरडवाहू धन्याला याचं उत्तर देणं सोपं नव्हतं. बहुतेकांनी ते छोटं पाकीट धुऱ्यावर टाकलं.

२०१७ च्या हंगामात त्याच्याच वावरात मी डोमकळ्या पाहिल्या. पाकळ्या आतून धाग्यांनी शिवल्यासारख्या, फूल उमलतच नाही. आत बारीक अळी. बाहेरून धडधाकट दिसणारं एक हिरवं बोंड त्यानं माझ्या हातात दिलं. बाहेर ना छिद्र ना डाग. अळी आत शिरली की बोंड वाढतं आणि वाट बुजते. ते फोडलं तर एका पाकळीत रुई पिवळी पडलेली, सरकी पोखरलेली, आणि त्या सरकीत तोंड घालून बसलेली गुलाबी अळी. बोंड बीजी-टूचं होतं. दोन विषांनी भरलेल्या पानाफुलांतून ती आत पोचली होती.

त्या बोंडात एक आणखी गोम आहे. भारतात बीटी विकली गेली ती जवळजवळ सगळी संकरित वाणांतूनच. अशा रोपात विषाचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं, त्यामुळं बोंडातल्या सगळ्या सरक्यांत ते उतरत नाही. एकच जनुक असेल तर चारांतली एक सरकी बिनविषारी, दोन सुटी जनुकं असतील तर सोळांतली एक, आणि बऱ्याच सरक्यांत दोनांपैकी एकच. सरकीवर जगणाऱ्या अळीला एकाच बोंडात पूर्ण, अर्धं आणि शून्य विष असं ताट वाढलेलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तत्कालीन संचालक केशव क्रांती यांनी हा मुद्दा लावून धरला होता. त्यात आपली लांब मुदतीची वाणं, आणि दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत राखलेली फरदड. अळीला पिढ्यांवर पिढ्या काढायला मोकळं रान. त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. ज्या विषाच्या फवारण्या टळाव्यात म्हणून बीटी आली होती, त्याच पुन्हा घरात शिरल्या.

याच जनुकांचा आणि याच अळीचा दुसरा शेवटही झाला आहे. ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी १९९६ पासून बिनबीटी कपाशी मनापासून राखली आणि तिथली गुलाबी अळी वर्षानुवर्षं बीटीला बळी पडत राहिली. ती पुरेशी विरळ झाल्यावर २००६ पासून विमानांतून कोट्यवधी नपुंसक पतंग सोडले. सरकीतून भारताबाहेर पडलेली ही अळी अमेरिकेच्या कपाशीतून हद्दपार झाल्याची घोषणा तिथल्या कृषी खात्यानं ऑक्टोबर २०१८ मध्ये केली. आपल्याकडं बोंडं फोडून दाखवत शेतकरी पंचनाम्याची वाट बघत होते, त्याच्या पुढच्याच वर्षी.

विष तेच, अळीही तीच. फरक पडला तो राखीव ओळींनी, हंगामाच्या लांबीनं, बियाण्याच्या प्रकारानं आणि सरकार-कंपनी-शेतकरी यांनी एकत्र राबवलेल्या शिस्तीनं. आपल्याकडं या चारही गोष्टी एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकल्या गेल्या, आणि पाच एकरवाल्यानं त्या झटकल्या याचं मला नवल वाटत नाही. बिनबीटी ओळींचं नुकसान भरून देणारी एखादी योजना तेव्हाच आखता आली असती. सरळ वाणात जनुक घालून कमी दिवसांची कपाशी देता आली असती.

जमिनीत विषाची नवी जनुकं भरपूर आहेत, पुढचं कुठलंतरी येणारच. ते पाकिटात भरण्याआधी विचारा: हे किती दिवसांच्या वाणात आहे, प्रत्येक सरकीत उतरतं का, आणि राखीव ओळींचा खर्च कोण देणार? तीनही उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय पाकीट घेऊ नका. आणि तोवर, आत्ता उभी आहे ती पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटा, फरदड ठेवू नका.